एमजीबी विकायला काढली तेव्हा

बारा वर्षे माझ्याकडे असलेली १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची खुली दोन-आसनी गाडी, विकायचे मी ठरवले, तेव्हा हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सात महिने लागले आणि त्यांतले जवळजवळ पाच महिने गाडी कोणाला दाखवण्याआधीच गेले. विकण्याचे कारण साधे होते. गुडघ्याच्या दुखण्यामुळे जमिनीला टेकलेल्या त्या आसनात बसणे आणि त्यातून उठणे मला जड जाऊ लागले होते, गाडी महिनोन्‌महिने आच्छादनाखाली उभी राहत होती, आणि उभी राहिलेली जुनी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. ब्रेकच्या सिलिंडरांतले रबर आखडते, टाकीतले पेट्रोल शिळे होते, कार्ब्युरेटरच्या वाटीत चिकट थर बसतो. ती चालवणाऱ्या माणसाकडे जावी, असे मला मनापासून वाटत होते.

ही गाडी ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे, कारण पुढे जे घडले ते तिच्या घडणीशीच जोडलेले आहे. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत राहिली. सिड एनेव्हर हे तेथील मुख्य अभियंते होते आणि गाडीचा देखणा आकार डॉन हेटर यांच्या हातचा. बंद छपराची जीटी धरून या गाड्या पाच लाखांहून अधिक निघाल्या, त्यामुळे ती दुर्मीळ नाही. तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि माझ्या मते हेच तिचे सर्वांत मोठे बळ आहे. तिच्या आधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी, म्हणजे अंगाखालची लोखंडी चौकट, होती. एमजीबीला ती नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. खुल्या गाडीला छपराचाही आधार नसतो, म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे बहुतेक काम दरवाज्यांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पत्र्याच्या पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. सिल कुजली तर गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी ती मधोमध खचू लागते.

कागदांपासून सुरुवात केली. चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळखक्रमांकाची, पट्टी बॉनेट उघडल्यावर दिसते आणि माझ्या गाडीच्या नंबराची सुरुवात ‘जीएचएन३’ अशी आहे. यातला ‘जी’ एमजीचा, ‘एच’ इंजिनाच्या आकारमानाचा गट दाखवणारा, ‘एन’ म्हणजे दोन आसनांची खुली गाडी, आणि ३ हा आकडा पहिल्या पिढीचा. इतके मला ठाऊक होते. पण गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली हे मी कधी तपासले नव्हते. इंग्लंडमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात अ‍ॅबिंग्डनच्या उत्पादन-नोंदी आहेत आणि मालकीचा पुरावा दिल्यावर त्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळते. मी अर्ज केला आणि ते आले. त्यात दोन गोष्टी अशा निघाल्या की बारा वर्षे मी ज्या गाडीला ओळखतो असे समजत होतो तिच्याकडे मला नव्याने पाहावे लागले.

माझी गाडी लाल आहे. प्रमाणपत्रात रंग होता ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’, म्हणजे किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. नोंदीतला इंजिन नंबर ‘१८जीबी’ने सुरू होत होता, आणि पाच बेअरिंगांच्या क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) त्या वर्षांतले इंजिन तसेच असायला हवे. बॉनेट उघडून, कापडाने तेलाची काळी साय पुसून, बॅटरीच्या प्रकाशात इंजिनाच्या अंगावरची छोटी पट्टी मी वाचली, तर तिच्यावर ‘१८जीजी’. म्हणजे हे इंजिन नंतरच्या, मार्क टू म्हणजे दुसऱ्या पिढीच्या गाडीतले. आकारमान तेच, १७९८ सीसी. एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटरही तेच. पण गाडीसोबत जन्मलेले इंजिन हे नव्हे. मी विकत घेतली तेव्हा सगळे मुळातलेच आहे असे मला सांगितले गेले होते, आणि मीही ते खरे मानून चारचौघांत तसेच सांगत आलो होतो. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले. इंजिन बदललेले असणे हा काही गुन्हा नव्हे, साठ वर्षांच्या वाटचालीत ते होणारच. पण आपण नकळत का होईना चुकीचे सांगत होतो, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढे कोणाला काही सांगायचे तर ते स्वतः पाहून, हात लावून, मोजून मगच सांगायचे, असे मी तेव्हा ठरवले.

म्हणून गाडी चार स्टँडांवर चढवली आणि खालून तपासायला घेतली. डावी सिल मी मालक झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी बदलून घेतली होती, कारण तो दरवाजा लावताना घासू लागला होता. उजवी ठणठणीत आहे, असे तेव्हा त्या वर्कशॉपने सांगितले होते. आता मी उजव्या बाजूचा गालिचा काढला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आतून-बाहेरून ठोकत गेलो. डाव्या बाजूला स्वच्छ, घंटेसारखा नाद येत होता. उजव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ मातीच्या मडक्याला तडा गेल्यावर येतो तसा बसका आवाज आला. खालचा सांधा पाहिला, तर तेथे पत्र्याच्या दोन कडांऐवजी तीन कडा दिसल्या. कुजलेल्या सिलवरून कोणीतरी नवा पत्रा टोपीसारखा चढवून, कडेने वेल्ड करून, रंग मारून टाकला होता. असा पत्रा गंज झाकतो. गंज थांबवत नाही. उलट दोन पत्र्यांमध्ये अडकलेले पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही.

माझ्यापुढे दोन मार्ग होते: आहे ते लिहून गाडी तशीच विकायची, किंवा काम करून घ्यायचे. मी काम करून घेतले, आणि पत्रेकामात हात बसलेल्या एका जुन्या कारागिराच्या शेजारी उभा राहून ते सबंध पाहिले. ते इतके शिकवणारे होते की त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

एमजीबीची सिल एका पत्र्याची नसते. बाहेरची वक्र बाजू वेगळी, तिच्या आतला उभा पडदा वेगळा, आणि तळाशी आतल्या बाजूला एक पट्टी, जिला किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारख्या खाचा असतात. तिचे इंग्रजी नावही किल्ल्यावरूनच पडले आहे. तिन्ही बदलायच्या तर गाडीची कंबरच काही दिवस मोकळी होते. म्हणून कारागिराने पत्र्याला कटर लावण्याआधी दरवाजाच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, जाड लोखंडी नळी आडवी वेल्ड केली. त्याआधी दरवाजा लावून त्याच्या कडेची फट वर, मध्ये आणि खाली मोजून खडूने पत्र्यावर लिहिली. “ही फट हलली की गाडी वाकडी झाली,” एवढेच तो म्हणाला. पुढचे मडगार्ड बोल्टांवर असते, ते उतरले. मागच्या मडगार्डाचे मात्र पत्रे वेल्ड केलेले असतात आणि सिल त्याच्या आत शिरते, म्हणून त्याचा खालचा कोपरा कापावाच लागतो. ज्या गाडीत हा कोपरा कधीच कापलेला नाही पण सिल ‘नवी’ आहे, त्या गाडीत ती बहुधा नुसती वरून चढवलेली असते, ही खूण मला तेव्हा समजली.

मडगार्ड उतरल्यावर त्याच्यामागच्या कोनाड्यात वर्षानुवर्षांची चाकाने उडवलेली माती घट्ट बसलेली निघाली. ती खरवडली, ओल्या फडक्याने पुसली, आणि तिच्याखालच्या पत्र्यावर दोन बोटे रुंद एक पट्टा उघडा पडला. पांढरा, किंचित पिवळसर. अ‍ॅबिंग्डनला गाड्या जुळवल्या जात असल्या तरी त्यांची अंगे प्रेस्ड स्टील या कंपनीच्या कारखान्यात घडून येत, आणि पहिला रंग चढला त्या दिवसापासून उन्हाचा एक किरणही न पाहिलेला तो पट्टा तसाच ताजा होता. मी कारागिराला तेवढ्या जागेवर नवा रंग चढवू नका अशी विनंती केली. त्याने वर पातळ, पारदर्शक मेणाचा हात दिला.

कापलेली सिल जमिनीवर ठेवली तेव्हा ती स्वतःच्याच वजनाने वाकली. मी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढली: कुजलेला पडदा, स्वच्छ केलेल्या कडा, नवे पत्रे, वेल्डिंगचे ठिपके, आतून फवारलेले मेण. नळी काढून टाकल्यावर फट पुन्हा मोजली. खडूच्या आकड्यांशी ती जुळली, आणि दरवाजा एका बोटाच्या दाबाने ‘खट्’ आवाज करत लागला. इतक्या वर्षांत तो तसा कधी लागला नव्हता.

बाकीची तपासणी त्यामानाने सरळ गेली. गरम इंजिनावर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, चौरस इंचाला १५५ ते १६० पौंडांच्या दरम्यान आले. धावताना तेलाचा दाब साठच्या आसपास राहत होता, जो हँडबुकात दिलेल्या ५० ते ८० या मर्यादेत बसतो. सिलिंडर हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट (झडपांच्या बैठका) बसवल्याचे जुने बिल सापडले. उणिवाही होत्या. मागच्या डाव्या चाकाला आसाशी जोडणाऱ्या खाचा झिजल्या होत्या. आऱ्यांच्या चाकांत हा दोष नेहमीचा, गाडी मागे-पुढे होताना हलका ठोका ऐकू येतो. मागच्या डॅम्परांपैकी, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागांपैकी, एकातून तेल पाझरत होते. कापडी टपाची मागची खिडकी पिवळी पडली होती.

मग मी विक्रीचा मजकूर लिहिला. तो लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या परिच्छेदात इंजिन मूळचे नाही आणि रंग बदललेला आहे हे स्पष्ट लिहिले, कारण ज्याला ते चालणार नाही त्याचा वेळ वाया जाऊ नये. ‘निर्दोष’, ‘अप्रतिम’, ‘संग्राहकांसाठी’ असे शब्द कटाक्षाने टाळले. जुन्या गाड्यांच्या विक्रीत या शब्दांनी इतके काही झाकले जाते की ते वाचले की मला उलट शंकाच येते. छायाचित्रांत चकचकीत बाजू तीन आणि कापलेल्या सिलची सात दिली.

पहिले गृहस्थ आले ते लोहचुंबक घेऊनच. पत्र्यावर पुट्टी किती आहे हे तपासायची ही जुनी रीत, आणि मला ती योग्यच वाटते. त्यांनी दरवाजे पाहिले, मडगार्ड पाहिले, समाधानाने मान हलवली आणि मग बॉनेटवर चुंबक टेकवला. तो घसरून खाली आला. त्यांनी पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. त्यांचा चेहरा बदलला. सबंध बॉनेट पुट्टीने भरले आहे अशी त्यांची खात्री झाली. या काळातल्या एमजीबीचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असते हे मी सांगितले, बॉनेट उघडून आतला रंग न दिलेला चांदीसारखा कोपरा दाखवला, एका हाताने उचलून त्याचा हलकेपणाही दाखवला. ते मान्य झाले तरी मूळ इंजिन नसलेली गाडी त्यांना नको होती, आणि ते त्यांनी सभ्यपणे सांगितले. त्यांचा वेळ गेला याचे मला वाईट वाटले, पण मजकूर नीट वाचूनच ते आले असते तर बरे झाले असते.

दुसरे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे होते. त्यांनी किल्ली घातली आणि लगेच स्टार्टर फिरवला, फिरवतच राहिले. ही गाडी तशी सुरू होत नाही. किल्ली अर्धी फिरवली की पाठीमागून एसयूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप टकटकू लागतो. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की टकटक मंदावते आणि थांबते. मग स्टार्टर द्यायचा. हे मी सांगेपर्यंत त्यांनी बॅटरीचा बराच जोर संपवला. जाताना त्यांनी एक सल्ला दिला: इंजिनाच्या नंबराचा विषय स्वतःहून काढू नका, कोणी विचारत नाही. तो सल्ला ऐकून मला राग आला. माझ्याशीही कोणीतरी असेच वागले होते, आणि त्याची किंमत मी पाच महिने मोजली होती.

तिसऱ्या खेपेला एक तरुणी आली, वडिलांना सोबत घेऊन. तिने माझा मजकूर छापून आणला होता आणि त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आधी तिने चासी नंबर पाहिला, मग प्रमाणपत्र, मग इंजिनावरची पट्टी, आणि मी लिहिलेला प्रत्येक आकडा तिने ताडून पाहिला. नंतर मला विचारले, “जॅक लावला तर चालेल ना तुम्हाला?” या गाडीला प्रत्येक बाजूला सिलच्या मध्यावर जॅकची जागा असते आणि तेथून उचलल्यास सबंध बाजू वर येते. सिल अशक्त असेल तर त्याच वेळी दरवाजाची फट बदलते. तिने गाडी उचलण्याआधी फटीत एक नाणे सरकवून पाहिले, उचलल्यावर पुन्हा तेच नाणे सरकवले. उजव्या बाजूला, मग डाव्या बाजूला. मला त्या क्षणी परीक्षेच्या निकालासारखी धडधड होत होती, हे मी मोकळेपणाने सांगतो. नाणे दोन्ही वेळा सारखेच सरकले.

“बाबा, ब्रेक दाबून धरा,” ती म्हणाली. वडील आत बसले, तिने मागचे डावे चाक दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवले. ठोका आला. “लिहिलंय तुम्ही,” एवढेच म्हणून तिने कागदावर बरोबरची खूण केली.

चालवायला मी तिच्या शेजारी बसलो. या पिढीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये, असे मी सांगितले. ते तिला माहीत होते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर असताना मी तिला डॅशबोर्डवरची छोटी कळ दाखवली. ती दाबताच लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा जादा गिअर, लागला, काटा अलगद २८०० वर उतरला आणि वेग तोच राहिला. इंजिनाचा घोष खालच्या पट्टीत गेला आणि वाऱ्याचा आवाज पुढे आला. ती काही बोलली नाही. कळ बंद केली, पुन्हा लावली.

व्यवहार त्याच दिवशी ठरला. झिजलेल्या चाकासाठी तिने रकमेत घट मागितली आणि ती न्याय्य होती. गाडी न्यायला ती आठवड्याने आली, तेव्हा मी तिला दोन तास बसवून सांगण्यासारखे सगळे सांगितले. आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले आहे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलट. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना हे विसरलात तर नुकसान होईल. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनांना ग्रीस नियमाने द्यायचे, त्यात कंटाळा नको. चाकांच्या मधल्या नटांचे आटे दोन बाजूंना उलट-सुलट आहेत, म्हणून हातोडा मारण्याआधी नटावरची बाणाची खूण पाहायची. कार्ब्युरेटरच्या टोप्यांमधले तेल मधूनमधून पाहायचे. तिने वहीत लिहून घेतले. बिले, प्रमाणपत्र आणि सिलच्या छायाचित्रांचे पाकीट मी तिच्या स्वाधीन केले. उजव्या मडगार्डामागचा पांढरा पट्टा दिसणार नाही, पण तो तेथे आहे, हेही सांगितले. “कधी रंग करायची वेळ आली तर हाच करेन,” ती म्हणाली, आणि छायाचित्रावर बोट ठेवून काही वेळ ते पाहत राहिली.

टप खाली केलेला होता. वडील शेजारी बसले. तिने पट्टा बांधला, चोक ओढला आणि किल्ली अर्धी फिरवून हात मांडीवर ठेवला. मागून पंप टकटकू लागला. मी फाटकाशी उभा होतो. टकटक मंदावली, मग एकेक करून आली, मग थांबली. त्यानंतर तिने स्टार्टर दिला.